‘तथापि’ म्हणण्याआधी: दुःख आणि आनंद एकाच प्रार्थनेत धरायला कसं शिकावं

2019 च्या दिवाळीआधीची गोष्ट. मंगळवारी डॉक्टरांनी सांगितलं की ह्यांच्या दोन्ही किडन्या निकामी होत आल्यात, डायलिसिसच्या तयारीला लागा. त्याच आठवड्यात शुक्रवारी पुण्याला सुनेला मुलगी झाली. मुलाचा फोन आला तेव्हा मी नगरच्या दवाखान्याच्या जिन्यात उभी होते आणि हातात ह्यांच्या रक्ताचे रिपोर्ट होते. मी ओरडलेच, “आजी झाले!” आणि लगेच तोंडावर पदर धरला. नवरा आत पडलाय आणि आपण जिन्यात आनंदाने ओरडतोय, याची लाज वाटली. नात झाली म्हणून पेढेसुद्धा मी वाटले नाहीत.

ती लाज चुकीची होती हे कळायला मला दोनेक वर्षं लागली. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दर वेळी चार तास मी डायलिसिस युनिटबाहेरच्या बाकावर बसते. तिथे बसून जे थोडं हाताला लागलं ते इथे लिहिते. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका बाईंच्या मुलाला कॅन्सर झालाय. त्यांनी विचारलं, “बाई, तुम्ही नेमकं करता काय? कशी प्रार्थना करता?” त्यांना तोंडी सांगितलं तेच आता सविस्तर सांगते. मी धर्मशास्त्र शिकलेली नाही. 34 वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, तेव्हा करून बघता येईल अशा रीतीनेच सांगेन.

आधी मागा

समर्पण हा शब्द आमच्या मंडळ्यांमध्ये फार लवकर उच्चारला जातो. माणूस आजारी पडला की भेटायला येणारे उंबऱ्यावरच म्हणतात, “देवाची इच्छा.” मीही पहिल्या आठवड्यात तेच केलं. “प्रभू, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो,” एवढंच म्हणायचे आणि उठायचे. बाहेरून ते फार भक्तिभावाचं दिसत होतं. खरं तर मी देवाशी बोलणं बंद केलं होतं. रागावलेली बायको “तुमचं काय ते तुम्ही करा” म्हणून स्वयंपाकघरात निघून जाते ना, तसं.

मग एका रात्री बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 26 वा अध्याय वाचत बसले. येशूला धरून नेलं त्या रात्रीचा, गेथशेमाने बागेतल्या त्याच्या प्रार्थनेचा प्रसंग. लहानपणापासून ऐकलेला, तरी त्या रात्री मला त्यातला एकच शब्द दिसला: ‘तथापि’. “माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो” हे वाक्य आपण सगळे पाठ म्हणतो. पण त्याच्या आधी ‘तथापि’ आहे, आणि त्याच्याही आधी प्रभूने स्पष्ट मागितलंय की शक्य असेल तर हा प्याला माझ्यावरून टळून जावो. एकदा नाही, तीनदा तो प्रार्थनेला गेला. जिवावर बेतेल इतकं दुःख झालंय, असं त्याने तिघा शिष्यांना उघड सांगितलं आणि त्यांना सोबत जागायला सांगितलं. ते झोपले, हा भाग वेगळा.

मुलांना व्याकरण शिकवताना मी सांगायचे, तथापि हे उभयान्वयी अव्यय आहे, ते दोन वाक्यांना जोडतं. एकच वाक्य असेल तर त्याला जागाच नाही. मी पहिलं वाक्य गाळून दुसरंच म्हणत होते.

तर करायचं असं. एक साधी शंभर पानी वही घ्या. रोज दहा मिनिटं, शक्यतो एकाच वेळी. पहिल्यांदा तुम्हाला काय हवंय ते लिहा, आणि अगदी बारकं लिहा. ‘शांती दे, सामर्थ्य दे’ असं नको, ते आपण सवयीने लिहितो. माझ्या वहीत असं आहे: “ह्यांना किडनी मिळू दे. ते नसेल तर आजच्या सुया पहिल्या खेपेलाच नीट लागू दे. आज पायात गोळे येऊ देऊ नकोस.” त्याखाली ओळ सोडून ‘तथापि’ लिहा. आणि त्याच्यापुढे फक्त आजची एक गोष्ट सोपवा. सगळं आयुष्य सोपवायला जाऊ नका, ते जमत नाही. ज्या दिवसाचं दुःख त्या दिवसाला पुरे, हे प्रभूनेच सांगितलंय.

‘तथापि’ लिहायला हात उठला नाही तर वही मिटा. खोटं लिहू नका. 2020 च्या मार्च-एप्रिलमध्ये, रस्ते बंद असताना, दवाखान्याचं पत्र दाखवत पोलिसांच्या नाक्यांवरून आम्ही डायलिसिसला जायचो. मुलगा पुण्यात अडकलेला, नात कशी दिसते ते फक्त फोनवर. त्या दोन महिन्यांच्या माझ्या पानांवर ‘तथापि’ एकदाही नाही. आता ती पानं उलटताना मला त्यांची लाज वाटत नाही. 88 वं स्तोत्र वाचून बघा. ते अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

रडगाणं कसं लिहायचं

ज्यांना मागण्याचेही शब्द सुचत नाहीत त्यांनी 13 वं स्तोत्र समोर ठेवावं. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा सवाल चार वेळा येतो. मग एक मागणी येते, आणि अगदी शेवटी भरवसा. हा साचा आपला आपल्याला वापरता येतो. चार ‘कोठवर’ स्वतःचे लिहायचे. मी लिहिले होते:

कोठवर मी ह्यांना पाणी बाटलीत मोजून द्यायचं?
कोठवर ह्यांनी नळाच्या आवाजाकडे असं बघत राहायचं?
कोठवर रात्री दोनला उठून ह्यांचा श्वास ऐकायचा?
कोठवर तू गप्प बसणार?

चौथा प्रश्न लिहिताना भीती वाटली. लिहून झाल्यावर मात्र कितीतरी दिवसांनी पोटभर रडले आणि झोपले. पाण्याचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. किडनी काम करत नसली की प्यायलेलं पाणी शरीरातच साठतं. आमच्या डॉक्टरांनी ह्यांना दिवसाला एक लिटरची मर्यादा घातलीय, आणि त्यात चहा, आमटी, ताक सगळं धरायचं. पोटॅशियममुळे शहाळं बंद, केळं बंद. बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकळायचा, ते पाणी फेकायचं आणि मग भाजी करायची. एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं उन्हातान्हात काम केलेला माणूस, तांब्या तोंडाला लावून पाणी प्यायची सवय. त्याला मोजून घोट द्यायचे. माझं रडगाणं त्या बाटलीचं होतं. तुमचं तुमच्या बाटलीचं असेल, तेच लिहा.

बोटांखालची थरथर

डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडतात. त्याला फिस्टुला म्हणतात. ती तयार व्हायला काही आठवडे जातात. ती नीट चालू असेल तर त्वचेवर बोटं ठेवल्यावर थरथर जाणवते, मुठीत भुंगा धरल्यासारखी. सिस्टरांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं की रोज सकाळी हात लावून बघायचं, थरथर लागली नाही तर ताबडतोब फोन करायचा. त्या हातावर बीपी घ्यायचा नाही, रक्त काढू द्यायचं नाही, घड्याळसुद्धा बांधायचं नाही.

सुरुवातीला मी ते मशीन तपासल्यासारखं करायचे. हळूहळू तीच माझी सकाळची प्रार्थना झाली. हे उठायच्या आत त्यांच्या डाव्या मनगटावर तीन बोटं ठेवते आणि दहा श्वास तिथेच थांबते. श्वास घेताना मनात ‘प्रभू येशू’, सोडताना ‘दया कर’. ही प्रार्थना फार जुनी आहे. पूर्वेकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांतले साधू श्वासाबरोबर शेकडो वर्षं ती म्हणत आलेत. तिचं मूळ यरीहोच्या रस्त्यावर बसलेल्या आंधळ्या बार्तीमयाच्या हाकेत आहे. लोक त्याला दटावत होते आणि तो आणखीच मोठ्याने ओरडत होता.

दहा श्वासांत मन दहा ठिकाणी जातं. दवाखान्याचं बिल, गॅस, कामवालीचे पैसे. गेलं तर जाऊ द्या, त्याला रागावू नका. पहिलीतलं पोर खिडकीबाहेर बघत असलं की मी छडी आपटायची नाही, हळू आवाजात त्याचं नाव घ्यायची आणि ते वळायचं. मनालाही तेवढंच करायचं.

तुमच्या घरात फिस्टुला नसेल, नसावीच. स्वतःच्या नाडीवर बोटं ठेवा, किंवा झोपलेल्या लेकराच्या पाठीवर हात ठेवा. जे जिवंत आहे आणि जे आपल्या हातात नाही, अशा कशावर तरी हात असावा. मला त्या थरथरीत दोन्ही एकदम लागतात. हा माणूस आज आहे याचा आनंद, आणि ही थरथर एखाद्या दिवशी थांबेल याची भीती. दोन्हींना पुरेल एवढी जागा तीन बोटांखाली असते. मी एकाला बाजूला सारून दुसऱ्याला घेत नाही.

आनंदापुढे पूर्णविराम

सगळ्यात उशिरा शिकलेली गोष्ट ही आहे, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड. दुःखात देवाकडे जायला कुणी शिकवावं लागत नाही. घरात दुःख असताना आनंद घ्यायचा कसा, हे मात्र शिकावं लागतं.

माझ्या वहीतली जुनी वाक्यं बघितली तर प्रत्येक आनंदाला एक ‘पण’ चिकटलेला आहे. “नातीला पहिला दात आला, पण ह्यांना जाऊन बघता आलं नाही.” “आज उपासनेत पेटी-तबल्यावर रेव्हरंड टिळकांचे अभंग छान झाले, पण हे मागच्या बाकावर झोपले.” एके दिवशी लाल पेनाने मी सगळे ‘पण’ खोडले आणि तिथे पूर्णविराम दिले. नातीला पहिला दात आला. पूर्णविराम. अभंग छान झाले. पूर्णविराम. वाचून बघितलं तर ती पानं निराळीच वाटायला लागली.

हेच दुःखाच्या वाक्यांनाही लावा. “आज ह्यांना पायात फार गोळे आले” यापुढे घाईघाईने “पण देव चांगला आहे” जोडू नका. देव चांगला आहेच, त्याला आपल्या ‘पण’ची गरज नाही.

मी रोज एका पानावर दोन्ही वाक्यं लिहिते, एक आनंदाचं, एक दुःखाचं. जे आधी आठवेल ते आधी. आनंद आठवलाच नाही तर जेवणापासून सुरुवात करते. ह्यांना रोज दुपारी बर्फाचा एक खडा देते, पाण्याच्या हिशेबात धरूनच. तो तोंडात घोळवताना ते डोळे मिटतात. माझ्या वहीत आनंद म्हणून कितीतरी दिवस तो खडाच आहे.

हे सगळं मला बेथानीच्या जेवणात दिसतं. योहानाचा 11 वा आणि 12 वा अध्याय लागोपाठ वाचा, मध्ये थांबू नका. आधी येशूचा मित्र लाजर मेला, आणि त्याच्या कबरेकडे जाताना येशू रडला. लाजराला आपण जिवंत करून बाहेर बोलावणार आहोत हे ठाऊक असूनही रडला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. उद्याचा आनंद माहीत होता म्हणून त्याने आजचं रडणं टाळलं नाही. मग वल्हांडण या यहुदी सणाच्या सहा दिवस आधी त्याच गावात त्याच्यासाठी जेवण केलं. लाजराची बहीण मार्था वाढत होती. मेलेला लाजर उठून पंगतीला बसला होता. बाहेर मुख्य याजकांनी येशूला धरायचं ठरवलं होतं, आणि आता ते लाजरालाही मारायच्या बेतात होते. अशा वेळी लाजराच्या दुसऱ्या बहिणीने, मरीयेने, जटामांसीचं तेल आणून येशूच्या पायांवर ओतलं. तीनशे दिनारांचं तेल, आणि दिनार म्हणजे मजुराची एक दिवसाची मजुरी. वर्षभराची कमाईच म्हणा. येशू म्हणाला की हे माझ्या उत्तरकार्याच्या दिवसासाठी आहे. म्हणजे तेच तेल मेजवानीचं होतं आणि तेच पुरण्याच्या तयारीचंही. योहान लिहितो, सगळं घर सुवासाने भरून गेलं.

2022 च्या नाताळाच्या आठवड्यात एका सकाळी मी बोटं ठेवली आणि थरथर लागली नाही. पुन्हा ठेवली. कान लावला. काही नाही. फिस्टुलात गुठळी झाली होती. तिथून पुढचे दोन दिवस धावपळ, आणि शेवटी मानेत तात्पुरती नळी घालून डायलिसिस. 24 तारखेला घरी आलो तेव्हा मी ठरवलं होतं की यंदा फराळ नाही, कुणाला बोलवायचं नाही. हे खाटेवर टेकले, मानेला पट्टी, आणि म्हणाले, “अगं, करंज्या कर. पोरं येतील.” मला रागच आला. तरी रव्याचं पीठ भिजवलं, खोबरं भाजलं. रात्री साडेदहापर्यंत चाळीस करंज्या तळल्या. शेजारची पोरं आली, मुलगा-सून नातीला घेऊन पुण्याहून आले. ह्यांनी एक करंजी खाल्ली, तीही अर्धी करून दोनदा. घरभर खोबऱ्याचा आणि वेलचीचा वास होता. त्या रात्री वहीत दोन्ही वाक्यं लिहायला मला एक क्षणही विचार करावा लागला नाही.

केडगावच्या बाई

अडलं की मी पंडिता रमाबाईंकडे जाते. त्यांचं केडगाव म्हणजे दौंड तालुक्यातलं, आपल्या नगरला लागून असलेलं नव्हे. दुष्काळाच्या वणवणीत आई, वडील आणि थोरली बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं, 1881 मध्ये मनोरमा झाली, 1882 मध्ये नवरा गेला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशन या आपल्या आश्रमात त्यांनी दुष्काळातून शेकडो बायका-मुली आणल्या. 1921 च्या जुलैत मनोरमाच गेली, त्यांचा उजवा हात. त्यानंतर रमाबाई जेमतेम नऊ महिने जगल्या, 5 एप्रिल 1922 पर्यंत. त्या महिन्यांत त्या मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलच्या भाषांतराचं काम संपवत होत्या. मी त्यांच्यासारखी नाही. पण मुलगी गेल्यावर पहिल्या सकाळी कागद पुढ्यात ओढताना त्या काय म्हणाल्या असतील, याचा विचार करत मी बाकावर कितीतरी वेळ बसलेली आहे.

काही गोष्टी स्पष्टच सांगते

समर्पण म्हणजे उपचार सोडणं नव्हे. एका प्रार्थनासभेत एकाने ह्यांना सांगितलं होतं, विश्वास असेल तर मशीन बंद करा. आम्ही तिथून उठून आलो. डायलिसिस थांबवलं तर असा माणूस सहसा काही दिवस किंवा काही आठवडेच जगतो, हे असं बोलणाऱ्याला ठाऊक असायला हवं. गेथशेमानेत देवदूत येऊन बळ देऊन गेला असं लूक लिहितो. माझ्यासाठी ती सिस्टर आहे, जिला सुई पहिल्या खेपेला लागते.

घरात मारहाण सोसणारी बाई असेल तर तिला कोणी ‘हा तुझा क्रूस’ म्हणू नये. तो क्रूस नाही. तिने तिथून निघावं आणि आपण तिला आपल्या घरात घ्यावं.

आणि मनच उठत नसेल, झोप गेली असेल, दोन-दोन आठवडे काहीच गोड लागत नसेल, जगू नये असं वाटत असेल, तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. सरकारची टेलिमानस ही हेल्पलाईन आहे, 14416, तिथे मराठीत बोलता येतं. मी 2021 मध्ये सहा महिने गोळ्या घेतल्या. त्याने माझ्या विश्वासाचं काही कमी झालं नाही. झोप लागायला लागल्यावर प्रार्थनाही जमायला लागली.

भेटायला जाणाऱ्यांसाठी एकच. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. तोवर त्यांचं चुकलं नव्हतं. तुम्हीही बसा. जाताना डबा ठेवून जा, आणि त्यात मीठ कमी घाला.

ह्यांची नवी फिस्टुला आता कोपरापाशी आहे. नात पहिलीत आहे. सुट्टीत आली की चप्पल काढायच्या आधी आजोबांच्या हाताला बोटं लावते आणि मला ओरडून सांगते, “आजी, भुंगा आहे!” काल रात्री तिने माझी वही मागितली आणि पेन्सिलने एक भुंगा काढला, सहा पायांचा, पंख पानाच्या बाहेर गेलेले. उद्या सोमवार, सहाला रिक्षा येईल. वही पिशवीत टाकली आहे, पाण्याची बाटली भरून ठेवली आहे. भुंग्याच्या खाली मी अजून काही लिहिलेलं नाही.